ठेकेदार फोन उचलत नाही, घरात कुणी कुणाशी बोलत नाही

ताई, नमस्कार.

आम्ही पाथर्डी फाट्याला भाड्याने राहतो. मी, मिस्टर, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. सासऱ्यांनी घेऊन ठेवलेल्या मखमलाबादच्या दोन गुंठ्यांवर गेल्या दसऱ्याला भूमिपूजन केलं. वर-खाली मिळून साडेसोळाशे फूट बांधकाम, मटेरियलसह २,१०० रुपये फुटाने ठेका. अक्षय्य तृतीयेला राहायला जाल, असं ठेकेदार म्हणाला होता. आज जून अर्धा झाला. खालचा स्लॅब एप्रिलमध्ये पडला, खालच्या भिंती लिंटेलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीपर्यंत) आल्यात आणि तीन आठवड्यांपासून काम बंद आहे. बावीस लाख देऊन झालेत. तो फोन उचलत नाही. उचललाच तर म्हणतो, सिंहस्थाच्या कामांमुळे माणसं मिळत नाहीत, सिमेंट वाढलंय, आणखी दोन लाख टाका.

मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. साइटवर मीच जाते. एप्रिलच्या उन्हात पतसंस्थेत जायच्या आधी आणि आल्यावर स्लॅबला पाणी मीच मारलं. सेंट्रिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) त्याने दहाव्या दिवशी काढलं, ते बरोबर होतं का? (सोबत नकाशाचा फोटो जोडलाय.) सासूबाईंनी अधिक महिना म्हणून मुख्य दाराची चौकट बसवू दिली नाही, आणि आता त्यांना देवघर दुसरीकडे हवंय. पुण्याच्या दीरांनी चार लाख दिलेत, ते रोज ग्रुपवर व्हिडिओ टाकतात. वरची बाल्कनी दोन फूट पुढे घ्या म्हणतात. मिस्टर म्हणतात काम बरंच झालंय, पण हा ठेकेदार बदलू. मला वाटतं काहीच झालेलं नाही. परवा यावरून इतकं भांडण झालं की मुलगी म्हणाली, मला नकोच ते घर. भाडं आणि बँक दोन्ही चालू आहे. ठेकेदार बदलू का? दसऱ्याला वास्तुशांत होईल का? आणि स्वतःचं घर होत असताना मला आनंद का होत नाही?

— अर्धवट घराची मालकीण, नाशिक


तू मला ताई म्हटलंस, तेव्हा अगं-तुगंच करते. आणि ती घर बांधण्याची नि लग्न करण्याची म्हण मी इथे लिहिणार नाही. आठ महिन्यांत ती तुला निदान पन्नास जणांनी ऐकवली असेल, आणि त्यातल्या एकानेही घमेलं उचललं नसेल.

पत्र तीनदा वाचलं. तुझ्या पत्रात बावीस लाख आहेत, साडेसोळाशे फूट आहेत, दहावा दिवस आहे, दोन फूट बाल्कनी आहे. फक्त एक आकडा नाही: काम किती झालं? मिस्टर म्हणतात बरंच, तू म्हणतेस काहीच नाही, ठेकेदार म्हणतो दोन लाख टाका. तिघंही अंदाजाने बोलताय, आणि भांडण त्या अंदाजांचं चाललंय.

आपण नाशिककर पुराच्या बाबतीत असं बोलत नाही. पाणी ‘बरंच’ आलं असं कुणी म्हणत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं सांगतात. घाटावर न गेलेल्यालाही घरबसल्या गोदावरी कुठवर आली ते कळतं. तुझ्या साइटवर असा मारुती नाहीये. तो आधी उभा करू.

ठेका एकूण ३४ लाख ६५ हजारांचा. मी तीस वर्षं सरकारी कामांवर देखरेख केली, त्या अनुभवावरचा ढोबळ हिशोब सांगते. एक मजला वर असलेल्या घरात जोता, म्हणजे जमिनीवरचा चौथरा, होईपर्यंत पंधरा-अठरा टक्के खर्च होतो. दोन्ही स्लॅब पडेपर्यंत आणखी पंचवीस-तीस. विटकाम आणि गिलाव्याला वीसेक. उरलेलं सगळं फरशी, दारं-खिडक्या, नळ, वायरिंग, रंग यात जातं, आणि जाताना दिसतसुद्धा नाही. तुझा एक स्लॅब झालाय, खालच्या भिंती लिंटेलपर्यंत. मी कितीही उदार झाले तरी हे चाळीस टक्क्यांच्या वर जात नाही. चाळीस टक्के म्हणजे चौदा लाखांच्या आतच. तू दिलेस बावीस.

आठ लाख पुढे गेलेत, बाई. ते आठ लाख बहुधा दुसऱ्याच कुणाच्या स्लॅबमध्ये पडलेत. तो फोन उचलत नाही याचं कारण यापलीकडे शोधू नको. लोक त्याला लबाड म्हणतील, असेलही. पण छोट्या ठेकेदारांचं बरंचसं असंच चालतं. एका साइटची उचल दुसऱ्या साइटच्या सळईला, दुसरीची तिसरीच्या मजुरीला. जिथून पैसे आधीच आले तिथे त्याला घाई नसते. ज्या मालकाने हात आखडता घेतलाय, त्याच्याकडे तो सकाळी आठला हजर असतो.

माझ्या आकड्यावर विसंबू नको, मी तुझं घर पाहिलेलं नाही. बँकेचं कर्ज आहे ना? मग कामाप्रमाणे हप्ता सोडण्याआधी बँकेचा व्हॅल्युअर साइटवर येऊन गेला असेल आणि त्याने काम किती टक्के झालं ते लिहून दिलं असेल. बँकेत जा आणि शेवटच्या भेटीत काय लिहिलंय ते विचार. तो माणूस ना तुझा, ना मिस्टरांचा, ना ठेकेदाराचा. घरातलं निम्मं भांडण त्या एका कागदावर मिटेल. बँकेतून निघण्याआधी एवढंही विचारून घे, की सध्या जातोय तो फक्त उचललेल्या रकमेवरचा व्याजाचा हप्ता आहे की पूर्ण हप्ता सुरू झालाय. पुष्कळांना हे वर्षभर माहीत नसतं.

मग तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलव. नकाशावर सही करून गायब झालेला तो माणूस प्रत्यक्ष साइटवर उभा राहायला हवा. त्याला वेगळी फी दे, कुरकुर करू नको. तो, ठेकेदार, तू आणि मिस्टर असे चौघं टेप घेऊन झालेल्या कामाची मापं घ्या, वहीत लिहा, चौघांच्या सह्या करा. सोबत फोटो. त्या वहीतून पुढचे टप्पे ठरवायचे: वरचे कॉलम, दुसरा स्लॅब, वरचं विटकाम, आतला गिलावा, बाहेरचा गिलावा, गच्चीचा कोबा, फरशी. प्रत्येक टप्प्यापुढे रक्कम. टप्पा पुरा झाल्यावर पैसे, त्याआधी रुपया नाही. पुढे गेलेले आठ लाख पुढच्या दोन-तीन टप्प्यांतून वळते करायचे. सगळे एकदम वसूल करायला गेलीस तर तो साइट सोडून जाईल. आणि शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत तुझ्याकडे ठेवायचे. तो कुरकुरेल, पण हे सगळीकडे चालतं.

आता ठेकेदार बदलण्याचं. माझं मत: लगेच नको. अर्धवट घर हातात घ्यायला नवा माणूस सहजी येत नाही, आणि येतो तो आधीच्याच्या कामाला शंभर नावं ठेवून दर वाढवतो. उद्या कुठे भेग गेली तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून मापं होईपर्यंत थांब. मापाला यायलाच तो तयार नसेल, आज-उद्या करत पंधरा दिवस काढले, तर मग बदल, आणि तेव्हा मागे बघू नको. आधी वकिलाची नोटीस, इंजिनिअरकडून झालेल्या कामाचा लेखी अहवाल, मगच नवा माणूस. मिस्टरांना हे असंच्या असं वाचून दाखव. ते चुकीचं सांगत नाहीत, फक्त एक पायरी गाळून पुढे जातायत.

मधला एक मार्गही आहे. दुसऱ्या स्लॅबचं सिमेंट आणि सळई तू स्वतः घे आणि त्याच्या हिशोबातून वजा कर. त्याला मजुरी, खडी, क्रश सँड आणि सेंट्रिंग एवढंच राहील. त्यामुळे तुझे पैसे तुझ्याच घरात पडतील. सळई वजनावर घेतेस तेव्हा काटा पावती बघ. घरी पडताळायचं असेल तर सोपं आहे: सळईचा मिलिमीटरमधला व्यास, त्याचा वर्ग, भागिले १६२. जे येईल ते एका मीटरचं किलोतलं वजन. बारा मिलिमीटरची सळई मीटरला पाऊण किलोच्या वर, ०.८९ भरते. दुकानदारासमोर हा हिशोब एकदा मोबाईलवर केलास की तो चहा मागवतो.

“सिमेंट वाढलंय” याबद्दल. तुमचा ठेका दसऱ्याच्या आधीचा, म्हणजे दर बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच ठरला असणार. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा गोणी स्वस्त झाली म्हणून त्याने तुला काही परत केलं का? नाही ना. तर मग आता वाढीव मागायचं असेल तर दुकानाची पक्की बिलं समोर ठेव म्हणावं, तेव्हाचं आणि आत्ताचं. मटेरियलसह ठेका म्हणजे भावाची चढउतार त्याची, असं करारात लिहिलं असेल तर तेवढंही दाखवावं लागणार नाही. करार लेखी आहे ना? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून मला जरा धाकधूक वाटते. नसेल तर ती सह्यांची वही हाच करार समज.

माणसं मिळत नाहीत, हे मात्र निम्मं खरं आहे. पुढच्या वर्षी सिंहस्थ, त्यामुळे गावात जिकडेतिकडे कामं निघालीत. आणि सिंहस्थ नसता तरी आपल्याकडे जून-जुलैत साइटी ओस पडतात. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसं पाऊस लागला की भाताच्या आवणीला घरी जातात. ती जाणारच. वर्षभर दुसऱ्याची घरं बांधायची आणि स्वतःचा वावरभर भातही लावायचा नाही, असं कसं होईल? ठेकेदाराला ते दरवर्षी माहीत असतं, तरी तो अक्षय्य तृतीयेचं वचन देतो. सहा महिन्यांत दोन मजले, काळ्या मातीत, हे तो बोलला तेव्हाच तुमच्यापैकी कुणीतरी हसायला हवं होतं.

काळ्या मातीवरून आठवलं. मखमलाबादचं शिवार म्हणजे मळ्यांची जमीन. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. खड्डे पक्का मुरूम लागेपर्यंत खाली गेले होते का, ते आता विचारून उपयोग नाही, कॉलम उभे आहेत. इंजिनिअरने तेव्हा खड्डे पाहिले असतील अशी आशा करू. पण जोत्यातली भर अजून तुझ्या हातात आहे. तिथे मुरूमच पडलाय ना? की खड्ड्यातून निघालेली काळी मातीच परत लोटून दिली? पहारीने दोन ठिकाणी उकरून बघ. काळी निघाली तर आत्ताच काढायला लाव. ती तशीच राहिली तर दोन वर्षांनी हॉलची फरशी मधोमध उचलली जाईल आणि तेव्हा ठेकेदाराचा नंबर अस्तित्वात नसेल. मुरूम असेल तर या पावसाने तुझं एक काम फुकट होणार आहे. भर आपोआप दबेल. मुरूम बसलेला दिसला की खड्डे परत भरून, धुम्मसने ठोकून मग दिवाळीनंतर खाली कोबा-फरशी. काम रखडल्याचा एवढा एक फायदा तरी घेऊन टाक.

आता सेंट्रिंग. दहाव्या दिवशी काढलं, बरोबर की चूक? दोन्ही. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी काढता येतात. तुझ्या खोल्या अकरा फुटांच्या, म्हणजे साडेतीन मीटरच्याही आत. तिथे हरकत नाही. पण नकाशात हॉलवर सतरा फुटांचा बीम दिसतोय. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू चौदा दिवस ठेवायचे असतात. ते त्याने चार दिवस आधी काढले. घाबरू नको, तुझा स्लॅब दोन महिन्यांचा झालाय. इंजिनिअर येईल तेव्हा त्या बीमच्या पोटाला, मधोमध, बॅटरी लावून केसासारख्या भेगा दिसतात का ते बघायला सांग. तोवर वरच्या विटांचा थर बरोबर हॉलच्या मध्यावर रचू देऊ नको. गवंड्यांना नेमकी तीच जागा आवडते. आणि दुसऱ्या स्लॅबला कोणते टेकू कोणत्या तारखेला निघणार, हे त्या वहीत आधी लिही.

पाणी मात्र तू मारलंस ते अगदी योग्य केलंस. हल्लीच्या पीपीसी (राखमिश्रित) सिमेंटला दहा दिवस तरी सतत ओल लागते, नाशिकच्या एप्रिलमध्ये चौदा दिवस मारलेलं बरं. तुझ्या स्लॅबची ताकद त्या नळीने आली आहे, ठेकेदाराने नाही. दुसरा स्लॅब भरताना आणखी एकाच गोष्टीवर नजर ठेव, मिक्सरमध्ये पडणाऱ्या पाण्यावर. पन्नास किलोच्या गोणीला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरतं, खडी-वाळू पावसाने ओली असली तर त्याहूनही कमी. बिगाऱ्यांना पातळ माल ओतायला सोपा जातो, म्हणून ते डब्यावर डबे टाकतात. बाकी काही कळलं नाही तरी चालेल, डबे मोज.

वेळापत्रक असं धर. खालचं विटकाम आणि वरचे कॉलम आत्ता, मिळतील तेवढ्या माणसांत. आवणी उरकून माणसं परत आली की दुसरा स्लॅब, गणपतीच्या आधी. उघडीप बघून भरायचा आणि प्लॅस्टिकचा कागद तयार ठेवायचा. बाहेरचा गिलावा पाऊस संपल्यावर. पुट्टी आणि रंग भिंती सुकल्याशिवाय अजिबात नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी लावली की होळीपर्यंत पापुद्रे हातात येतात. सिमेंट पावसाळ्यात लागेल तेवढंच आणायचं, फळ्यांवर, भिंतीपासून लांब रचायचं. चौकट बसवून घे. दाराची पानं मात्र पावसाळ्यात नको. जुलैत फुगलेलं दार रंधा मारून बसवलं तर फेब्रुवारीत त्याच्या फटीतून मांजर जातं.

म्हणजे दसऱ्याला वास्तुशांत होणार नाही. सासूबाईंना तसं स्पष्ट सांग, पण पुढच्या पाडव्याचा नारळ हातात देऊन सांग. साडेतीन मुहूर्तांत दसरा आहे तसा पाडवाही आहे, त्यांनाच हे तुझ्याहून चांगलं माहीत. अधिक संपून निज ज्येष्ठ लागलाय, आषाढी एकादशीच्या आत चौकटीचं पूजन करून घ्या. तेवढ्याने त्यांचा जीव निम्मा शांत होईल. घरमालकालाही आत्ताच सांगून टाक की एप्रिलपर्यंत आहोत. दर महिन्याला “पुढच्या महिन्यात जाणार” म्हणत राहिलं की अकरा महिन्यांचा करार संपताना तोच भाडं वाढवतो.

देवघराचं. त्यांचा हट्ट देवघराचा नसावा, असा माझा संशय आहे. सासरे गेले, त्यांच्या जागेवर घर उठतंय आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. माझ्या आईचं असंच झालं होतं. आमच्या इंदिरानगरच्या घराचं काम चाललं होतं तेव्हा ती रोज स्वयंपाकघरावरून, देवघरावरून काहीतरी खुसपट काढायची. शेवटी एका रविवारी तिला रिक्षाने साइटवर नेलं. जमिनीवर खडूने ओटा काढला, शेगडी काढली, मोरी काढली. भिंतीला टेकवून एक फळी धरली आणि म्हटलं, कणीक मळ. ती हवेत कणीक मळायला लागली, आणि मी फळी वर-खाली करत राहिले. ओटा सगळीकडे बत्तीस-तेहतीस इंचांवर करतात, आईच्या कोपराखाली चार बोटं धरली तर तीस भरले. तीसचा केला. त्यानंतर तिने ना देवघराचं नाव काढलं, ना ईशान्येचं. तुझ्याकडे भिंती लिंटेलपर्यंतच आहेत, म्हणजे देवघर हलवायचंच असेल तर आत्ता अर्ध्या दिवसाचं काम आहे. गिलाव्यानंतर तेच काम आठवड्याचं होईल. पण ते त्यांनी जागेवर उभं राहून ठरवू दे.

दीरांची बाल्कनी: नाही. यात तुला वाईटपणा घ्यायची गरज नाही. महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशात ती जेवढी आहे तेवढीच. सामासिक अंतरात (घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) दोन फूट पुढे आलात तर भोगवटा दाखला, म्हणजे राहायला जायची परवानगी, अडकेल, हे इंजिनिअरच्या तोंडून ग्रुपवर टाक. (महापालिकेची जोता तपासणी झाली होती ना? तो कागद कर्जाच्या फाइलमध्ये ठेव.) पण चार लाख दिलेल्या माणसाला नुसतं नाही म्हणून चालत नाही, त्याला काम लागतं. त्यांच्याकडे सगळ्या घराचे इलेक्ट्रिक पॉइंट दे. कुठल्या भिंतीला किती, कुठल्या उंचीवर, पंखा-एसी-इन्व्हर्टर कुठे, ते कागदावर काढून पाठवा म्हणावं, गिलाव्याच्या आत. महिनाभर ग्रुपवर व्हिडिओ येणार नाहीत.

आणि मुकादमाशी बोलणारं माणूस एकच. साइटवर तू जातेस, तेव्हा ती तू. मिस्टरांनी रात्रपाळीवरून येताना मुकादमाला परस्पर काही सांगायचं नाही, सासूबाईंनी फोनवरून नाही, दीरांनी तर नाहीच. चौघांनी चार गोष्टी सांगितल्या की मिस्त्री पाचवी करतो, त्याला सोपी जाणारी. पैशाचा हिशोब मिस्टरांकडे दे, पूर्णपणे. वही त्यांची, टेप तुझी.

मीही यात फसलेले आहे, तेव्हा शहाणपण शिकवते असं समजू नको. आयुष्य कालव्यांचे उतार तपासण्यात गेलं, जिथे हजारो फुटांत एक फूट उतार धरावा लागतो आणि तो चुकला तर पाणी शेवटच्या शेतकऱ्याला मिळत नाही. आणि माझ्या स्वतःच्या बाथरूमची फरशी बसली त्या दिवशी मी कामावर होते. मिस्त्रीने उतार जाळीकडे द्यायचा तो दाराकडे दिला. अकरा वर्षं रोज अंघोळ झाली की वायपरने पाणी चढावर ढकलायचं. पाहुणे आले की त्यांना आधी वायपर दाखवायचा. सिंहस्थाला तुझ्याकडे पाहुणे येणार आहेत, नाशिकमध्ये घर असलेल्याची त्यातून सुटका नाही. तेव्हा फरशीवाल्याचे पैसे द्यायच्या आधी प्रत्येक बाथरूममध्ये मगभर पाणी ओतून ते कुठे जातं ते उभं राहून बघ. फरशीच्या खालचं वॉटरप्रूफिंग झालं की तिथे दोन दिवस पाणी तुंबवून ठेव आणि खालच्या छताला हात लावून बघ.

राहिला आनंदाचा प्रश्न. तो मला झाला होता का, हे आठवायचा प्रयत्न केला. भूमिपूजनाला नाही, त्या दिवशी भटजींना उशीर झाला होता. पहिला स्लॅब पडला तेव्हा नाही, आभाळ भरून आलं होतं आणि माझं लक्ष ढगांत होतं. एकदा झाला, तो असा. साइटवर राखणीला एक जोडपं राहायला होतं, लहान मुलगी होती. स्लॅबखाली, माझ्या भावी स्वयंपाकघरात, तीन विटांची चूल मांडलेली. एका संध्याकाळी मी गेले तर बाई भाकऱ्या थापत होती, डोळे धुराने लाल. मला म्हणाली, “बाई, इथं धूर कोंडतो. वारा तिकडून येतो. खिडकी त्या भिंतीला पाहिजे होती.” आर्किटेक्टने काढली नव्हती, मी पाहिली नव्हती, त्या घरात पहिल्यांदा रांधणाऱ्या बाईला ते कळलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सांगून खिडकी हलवली, तेव्हा भिंत कमरेएवढीच होती. ती खिडकी अजून आहे. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी तिच्यातून वारा येतो तेव्हा मला त्या बाईचे लाल डोळे आठवतात, आणि बरं वाटतं.

तुझ्या साइटवर राखणीला कुणी आहे का, ते तू लिहिलं नाहीस. असेल तर वायरीचे जोड पावसात उघडे नाहीत ना, तेवढं बघ, आणि त्यांना विचार की खालच्या कोणत्या खोलीत झोप लागते आणि कोणत्या खोलीत लागत नाही.

येत्या रविवारी मिस्टरांची सुट्टी जुळत असेल तर सगळे जा. खडू, टेप, वही आणि सासूबाईंसाठी घडीची खुर्ची ने. वरच्या मजल्यावर तुझ्या मुलीची खोली कुठे येणार तेही खडूने काढा, पण ते काम तिच्याकडे दे. आठवीतली आहे, मोजमाप तिला येतं. पलंग कुठे, टेबल कुठे, हे तिने काढलं की फोटो काढून ठेव. पाऊस आला की खडू पुसला जाईल.